समुद्र डाव्या हाताला : बडोदेकरांसाठी कोकणातल्या कड्यावरची पायवाट

बडोद्यातल्या मराठी घरांत चालणाऱ्यांची वाण नाही. पहाटे कमाटी बागेत फेऱ्या मारणारे आहेत, नवरात्राआधी पावागड पायी चढणारे आहेत, गिरनारची परिक्रमा करून आलेलेही आहेत. हीच मंडळी कोकणात मात्र गाडीतून जातात. गणपतीपुळ्याला दर्शन, पावसला प्रसाद, आंब्याची पेटी आणि परत. रत्नागिरीहून दक्षिणेला जाणाऱ्या सागरी रस्त्याच्या पश्चिमेला जांभ्या दगडाचा उघडा सडा, म्हणजे पठार, पसरलेला आहे आणि तो सडा जिथे संपतो तिथे कडा सरळ समुद्रात उतरतो, हे त्या गाडीतून दिसत नाही. हा लेख त्या कड्यावरून दिवसभर चालण्यासाठी आहे. उदाहरणासाठी कशेळी ते पूर्णगड हा टप्पा घेतला आहे, पण पद्धत कोकणातल्या कुठल्याही सड्याला लागू पडेल.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. इथे आखलेली वाट नाही. बाणांच्या खुणा नाहीत, कठडे नाहीत, तिकीटखिडकी नाही. गुरांच्या वाटा आहेत, वाडीतून वाडीत जाणाऱ्या पाखाड्या आहेत, गरी टाकून मासे धरणाऱ्यांनी पाडलेल्या पाऊलवाटा आहेत. मध्येच घळ येते, बागेचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, येतो आणि वाट संपते. मग आत वळायचं, डांबरी रस्त्याला लागायचं आणि पुढे पुन्हा सड्यावर यायचं. सलग चालण्याचा हट्ट असेल तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही.

पहिली पायरी : तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवरून ठरवा

महिना आधी. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर एवढाच काळ मी सुचवीन. मार्चपासून सडा तापतो आणि सड्यावर सावली औषधालाही नसते. ऑक्टोबरची उष्णता तर कोकणातले लोकही टाळतात. ऑगस्ट-सप्टेंबरात सडा फुलांनी भरतो हे खरं: निळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळा कवला. ती जरूर पाहा, पण कड्यापासून दूर, सड्याच्या मधोमध. शेवाळलेला कातळ आणि कड्यावरचा पावसाळी वारा हे दोन्ही एकदम अंगावर घेऊ नयेत.

मग तिथी. बडोद्यात समुद्र नसल्यामुळे भरती-ओहोटीचा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला नसतो, आणि अपघात बहुतेक तिथेच होतात. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. शुक्ल असो वा कृष्ण, दोन्ही पक्षांना हिशेब तोच. भरती दिवसातून दोनदा येते, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने, आणि भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तिथी सकाळी लवकरच संपत असेल तर पुढची तिथी धरा. खंभातच्या आखातात पाणी आत चढायला वेळ लागतो, त्यामुळे हा हिशेब तिथे लावू नका.

आता हे चालण्याला लावू. चतुर्थी-पंचमीला भरती पहाटे तीन ते पावणेचारच्या दरम्यान, म्हणजे ओहोटी सकाळी नऊ ते दहा. सूर्योदयाला निघालात तर पहिल्या दोन-तीन तासांतली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आणि खालचा कातळ नेमका मोकळा मिळतो. शिवाय तोवर पौर्णिमा किंवा अमावास्येचं उधाण ओसरून समुद्र भांगाकडे, म्हणजे अष्टमीच्या लहान भरतीकडे, झुकू लागलेला असतो, त्यामुळे पाण्याचा जोरही कमी. म्हणून माझी पसंती चतुर्थी ते षष्ठी. पौर्णिमेला गेलात तर भर दुपारी उधाणाची भरती. कड्यावरून ते दृश्य जबरदस्त असतं, पण त्या दिवशी खाली उतरायचा विचारही नको.

तिथीचा हिशेब बेत आखण्यापुरता. निघायच्या आदल्या दिवशी भरतीचं छापील किंवा मोबाइलवरचं वेळापत्रक बघा, आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते तेही बघा. दूरच्या वादळामुळे उठलेल्या लाटा स्वच्छ, निवांत दिवशीही किनाऱ्यावर येतात. आकाशाकडे बघून त्या कळत नाहीत.

रथसप्तमीला कशेळीच्या कनकादित्याचा उत्सव असतो. उत्सव बघायचा असेल तर तेव्हा जा. चालायचंच असेल तर ते चार-पाच दिवस सोडा, मुक्कामाला जागा मिळणं कठीण.

दुसरी पायरी : बडोद्यात असतानाच करायच्या गोष्टी

महिनाभर आधी सुरुवात करा. कमाटी बागेच्या सपाट फेऱ्यांनी दम वाढेल, घोटे तयार होणार नाहीत. त्यासाठी पावागड, पण माचीपर्यंत गाडीने जाऊन नव्हे, खाली चांपानेरहून पायी. जुन्या दरवाज्यांतून जाणारी दगडी वाट ओबडधोबड आहे, आणि तीच हवी. चढणं सगळेच मोजतात. तुम्ही उतरताना गुडघे काय म्हणतात ते बघा. कड्याच्या वाटेवर एकच मोठा चढ नसतो. घळीत उतरा, पुन्हा चढा, पुढच्या घळीत उतरा, असं दिवसभर चालतं. पावागड उतरून दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नसेल तर बेत पंधरा दिवस पुढे ढकला.

एक रविवार कावी-कंबोईला काढा. जंबुसर तालुक्यातलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीत बुडतं आणि ओहोटीत उघडं पडतं, हे ऐकून बहुतेकांना माहीत असतं. दर्शन घेऊन लगेच परतू नका. पाणी चढायला लागल्यापासून पिंडी दिसेनाशी होईपर्यंत काठावर, सुरक्षित जागी बसून राहा. पाणी एका रेषेत पुढे सरकत नाही. आधी बाजूच्या खळग्यांतून, मागून येतं, आणि मधला उंचवटा बेट होतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कोकणात ‘अजून दहा मिनिटं थांबू’ असं कोणी म्हणत नाही. खंभातच्या आखातातली भरती देशात सर्वांत मोठ्या भरतींपैकी एक. रत्नागिरीला पाण्याची चढउतार त्या मानाने पुष्कळच कमी असते, पण तिथे पाण्यासोबत उघड्या समुद्राच्या लाटा असतात.

दुर्बीण असेल तर तिचा सरावही इथेच करा. ८×४२ची पुरते, जास्त ताकदीची दुर्बीण वाऱ्यात हातात थरथरते. विश्वामित्रीच्या पुलावर उभं राहून गाळावरची मगर आणि ओंडका वेगळे ओळखता आले की नजर तयार झाली समजा. हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर एक सकाळ घालवा. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेला हा तलाव २०२१पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. तिथे मासे पकडणारे शिकारी पक्षी पाहिलेत तर कड्यावर उडणारा पक्षी घार की गरुड हे ओळखायला सोपं जातं.

तिसरी पायरी : जाणं आणि मुक्काम

गुजरातहून केरळकडे जाणाऱ्या आणि वसई रोडवरून कोकण रेल्वेला लागणाऱ्या काही गाड्या बडोदा आणि रत्नागिरी, दोन्हीकडे थांबतात. इंदूरहून येणारी गाडीही त्यांतलीच. मात्र यातली एकही रोज नाही, आठवड्यातून एक-दोनदाच. म्हणजे तिथी आणि गाडीचा वार या दोन्हींचा मेळ बसवावा लागतो, आणि खरी डोकेफोड हीच आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. वार जुळत नसेल तर रात्रीच्या गाडीने मुंबई आणि तिथून कोकणची गाडी.

रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर आहे. तिथून रिक्षाने एसटी स्टँड, आणि भाट्ये, पावस, पूर्णगड, गावखडी या क्रमाने कशेळीकडे जाणारी एसटी. मुक्काम कशेळीत किंवा जवळच्या आडिवऱ्यात घरगुती ठिकाणी करा. आठ जणांची टोळी असेल तर जेवणाचं आदल्या दिवशी सांगावं लागतं. हॉटेलसारखं ‘मेनूकार्ड’ विचारू नका. घरात जे शिजेल ते, आणि ते उत्तमच असतं.

यजमानांनाच उद्याच्या वाटेबद्दल विचारा. बडोद्याची मराठी तिथे लगेच ओळखू येते, ‘गुजरातेतनं आलात काय?’ असा प्रश्न येतोच, आणि त्यातून गप्पा सुरू होतात. काकांना नकाशा दाखवण्यापेक्षा नेमके प्रश्न विचारा: कुठल्या बागेला नवीन कुंपण घातलंय? चिरेखाण कुठे चालू आहे? कुठल्या घळीला वळसा घालावाच लागतो? फवारणी कुठे चालली आहे? मोहराच्या दिवसांत कलमांवर औषध मारतात, त्या बागेतून चालणं तुमच्या घशाला आणि मालकाच्या डोक्याला, दोन्हींना तापदायक.

चौथी पायरी : नकाशावर आधी चाला

मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून किनारा मोठा करून बघा आणि तेवढा भाग उतरवून ठेवा; सड्यावर रेंज येते-जाते. नकाशावर तीन गोष्टी हुडका. जमिनीत घुसलेली काळी चीर म्हणजे घळ. तांबडे, काटकोनी खड्डे म्हणजे चिरेखाणी. यांच्या भिंती करवतीने कापल्यासारख्या सरळ असतात आणि गवत वाढलं की काठ दिसत नाही. तिसरी, ओळीत लावलेले हिरवे ठिपके, म्हणजे आंब्या-काजूच्या बागा, म्हणजेच खासगी जमीन.

मग दर तासा-दीड तासाच्या अंतरावर कड्यावरून डांबरी रस्त्याकडे निघायची एकेक वाट खूण करून ठेवा. कोणाचा पाय मुरगळला, ऊन लागलं, कंटाळा आला तर त्या वाटेने बाहेर. कंटाळा हेही परतायचं पुरेसं कारण आहे. घळींच्या वळशांमुळे प्रत्यक्ष अंतर नकाशावरल्यापेक्षा दीडपट धरा आणि वेग ताशी दोन किलोमीटर. कमाटी बागेत ताशी पाच चालणाऱ्यांना हे पटत नाही. जांभ्यावर पहिला तास चालले की पटतं.

पाचवी पायरी : पिशवीत काय

पाणी प्रत्येकी तीन लिटर, पहिल्या क्रमांकावर. कोकणातली थंडी बडोद्यासारखी कोरडी नसते. घाम येतो आणि वाळत नाही, त्यामुळे पाणी किती गेलं हे कळतच नाही. जोडीला क्षारसंजीवनीची पाकिटं. आपल्याकडचा लीलो चेवडा आणि भाखरवडी पिशवीत असणारच, पण ती संध्याकाळसाठी ठेवा. सड्यावर तिखट-खारट खाल्लं की पाणी दुपारीच संपतं. चालताना केळी, गूळ-शेंगदाणे, दशमी.

बूट घोट्यापर्यंतचे, तळ खोल नक्षीचा. जांभा दगड कानशीसारखा तळ खातो, जुने गुळगुळीत झालेले बूट घरीच राहू द्या. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पूर्ण विजार, मान झाकणारी टोपी. टोपीला हनुवटीखाली बंद असू द्या, नाहीतर दुपारच्या वाऱ्याने ती थेट समुद्रात जाते आणि तिच्यामागे धावायचा मोह होतो. काठी, शिट्टी, बँडेज, भरलेली पॉवर बँक, कचऱ्याची पिशवी. छत्री नको. ढोल-ताशासारखा वाजणारा तो ब्लूटूथ स्पीकर तर मुळीच नको.

सहावी पायरी : प्रत्यक्ष वाट

मी दक्षिणेकडून उत्तरेला चालायला सांगतो, म्हणजे कशेळीहून पूर्णगडकडे. एक, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो. उत्तरेकडे तोंड करून चाललं की तो पाठीशी राहतो. दोन, संध्याकाळी रत्नागिरीच्या जवळ पोचता. समुद्र दिवसभर डाव्या हाताला.

निघायची वेळ झुंजुमुंजु, साडेसहाच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातला उगवतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे असतात, पाणी शांत दिसतं आणि ऊन तुमच्या मागून समुद्रावर पडतं. पाण्यावरचे पक्षी, डॉल्फिन बघायला हीच वेळ. अकरानंतर वारा फिरतो, खारे वारे सुटतात, समुद्रावर चकाकी येते आणि दुर्बिणीतून नुसतं चांदीचं पाणी दिसतं.

सुरुवात कनकादित्याच्या देवळापासून. सूर्याचं देऊळ, लाकडी कोरीवकाम बघण्यासारखं, आणि शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा ताम्रपट या देवस्थानाकडे आहे. आपल्याला जवळची वाटावी अशी कथाही तिथे सांगतात: मूर्ती सौराष्ट्रातल्या प्रभासपाटणहून गलबतातून निघाली, कशेळीसमोर गलबत अडलं, पुढे जाईना, तेव्हा ती किनाऱ्यावरच्या कड्यातल्या गुहेत ठेवली गेली. पुढे कनका नावाच्या बाईला दृष्टान्त होऊन ती गावात आली. म्हणजे गुजरातेतून समुद्रमार्गे येऊन इथे राहिलेला देव.

कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे. सुमारे १८ मीटर लांब, आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले. कोकणातली कातळशिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत हेही आहे. सकाळचं तिरपं ऊन असताना बघा. डोक्यावर सूर्य आला की रेषा बुजतात. बूट घालून रेषांवर चालू नका, फोटोसाठी खडूने किंवा पाण्याने रेषा उठवू नका. कडेने फिरा. एका जागी उभं राहून पूर्ण हत्ती डोळ्यांत मावत नाही, पाच-सहा मिनिटांनी सोंड कुठली ते लक्षात येतं.

तिथून कड्याकडे, देवघळीच्या दिशेने. तिन्ही बाजूंनी कडा आणि मध्ये चिमुकली पुळण. वरून बघायला जितकी सुंदर, तितकीच खाली उतरल्यावर अडचणीची, कारण बाहेर पडायला आलात तीच वाट. म्हणून ओहोटीच्या आधी तासभर उतरा आणि ओहोटी संपून पाणी वळलं की वर या. पाण्यात पोहायला जाऊ नका. कातळावर बसायचं असेल तर आधी त्याचा रंग बघा: कोरडा, करडा कातळ ठीक, ओला, काळा किंवा हिरवट दिसला म्हणजे लाट तिथवर येते, आत्ता आली नसली तरी. समुद्राकडे पाठ करून फोटो काढणाऱ्याला तिथल्या तिथे उठवावं. त्यात भिडस्तपणा नको.

आता कडा. जांभ्याचा वरचा थर कडक असतो आणि खाली मऊ, मातकट थर. लाटा खालचा थर पोखरतात आणि वरचा कडक थर छज्जासारखा पुढे राहतो. वर उभ्या माणसाला हे दिसत नाही; त्याला वाटतं आपण भक्कम दगडावर आहोत. म्हणून तीन नियम. काठापासून चार-पाच पावलं आत चाला. काठाला समांतर भेग दिसली तर भेगेच्या आतल्या बाजूला राहा, भेग कितीही बारीक असो. आणि टोकाशी जाऊन खाली वाकून बघायचंच असेल, तर आधी बाजूला जाऊन, दुसऱ्या वळणावरून, त्या टोकाखाली काय आहे ते बघून या. बहुतेक वेळा ते बघितल्यावर वाकायची हौस फिटते.

घळींजवळ हेच दुप्पट. दगडातल्या जुन्या चिरेत समुद्र घुसून घळ होते. भरतीला पाणी तिच्यात कोंडतं आणि एकदम वर उसळतं. गुहागर तालुक्यातल्या हेदवीची बामणघळ याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. घळीच्या आतल्या टोकाशी पाणी दिसत नाही, नुसता खालून धप्प आवाज येतो. आवाज पायाखालून येतोय असं वाटलं तर तो तिथूनच येत असतो. सरळ आत वळा, वळसा कितीही लांब पडो. घळ उडी मारून ओलांडण्याएवढी अरुंद दिसली तरी नाही.

चालताना दोघे ठरवून घ्या: एक पुढे, एक शेवटी. शेवटचा माणूस कधीही बदलायचा नाही आणि त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. गट सहा-आठ जणांचा. पुढचा थांबला की सगळे थांबतात. बारा वाजता जिथे असाल तिथे हिशेब करा: पाणी अर्ध्याहून कमी असेल किंवा अर्ध्याहून अधिक वाट उरली असेल तर पुढची बाहेर पडायची वाट धरा आणि एसटी किंवा रिक्षाने पूर्णगडला या. दुपारी बारा ते तीन सड्यावर चालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढा वेळ वाडीत, एखाद्या देवळाच्या सभामंडपात काढा. मावशींना विचारलंत तर कोकम सरबत किंवा ताक मिळतं. पैसे घेणार नाहीत म्हणाल्या तर भाखरवडीचं पाकीट द्या.

गडगा ओलांडू नका. चिऱ्यांची बिनचुन्याची ती भिंत पाय ठेवला की ढासळते, आणि पुन्हा रचायला माणसाचा अख्खा दिवस जातो. बागेत कुत्रे असतात. बेडं, म्हणजे बांबूंचं फाटक, उघडलंत तर मागे तसंच लावा. गुरं आत गेली तर पुढच्या वर्षी तुमच्यासारख्यांना वाट मिळणार नाही.

गावखडीला आलात की सुरूचं बन आणि लांब पुळण. दिवसभरातली पहिली सपाट, सोपी चाल, आणि तोवर ऊनही कललेलं. पुढे मुचकुंदी नदीची खाडी पुलावरून ओलांडली की पूर्णगड. किल्ला आटोपशीर आहे. तटावरून खाडीचं मुख आणि तुम्ही चालून आलेला किनारा दोन्ही दिसतात. सूर्य सव्वासहाच्या सुमाराला बुडतो, पण शेवटची एसटी कधी आहे हे सकाळीच विचारून ठेवलेलं असावं.

काय दिसतं आणि कसं बघायचं

या किनाऱ्याचा राजा म्हणजे समुद्री गरुड. काही गावांत त्याला काकण म्हणतात. पोट आणि डोकं पांढरं स्वच्छ, पंखांची कड काळपट, शेपूट आखूड, पाचरीसारखी. तरंगताना पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे वर उचललेले. कड्यावरून चालण्याचा फायदा असा की हा पक्षी तुमच्या नजरेच्या पातळीवर, कधीकधी खालून जातो आणि त्याची पाठ दिसते; पुळणीवर उभ्या माणसाला हे भाग्य नाही. मासे खातो, समुद्री सापही खातो. घरटं उंच झाडावर, काटक्यांचा प्रचंड ढीग, आणि वर्षानुवर्षं तेच. हिवाळा त्याच्या विणीचा हंगाम. पक्षी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागला तर तुम्ही घरट्याजवळ आलात. फोटो न काढता निघा.

त्याच्याहून लहान, विटकरी अंगाची आणि पांढऱ्या डोक्याची, ती ब्राह्मणी घार. खाडीमुखाशी पुष्कळ. खालच्या कातळावर राखी समुद्रबगळा एकटाच उभा असतो. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे मच्छीमार होड्यांच्या मागे लागलेले दिसतात. सड्यावर टिटव्या आणि चंडोल. दोघांचीही घरटी जमिनीवर, दगडात दगड दिसणारी. टिटवी ओरडत अंगावर आली तर पाय कुठे पडतोय ते बघा.

डॉल्फिनसाठी बोटीच्या फेरीची गरज नाही. शांत सकाळी कड्यावर बसा, दुर्बीण न लावता नुसत्या डोळ्यांनी पाण्याचा पट्टा हळूहळू चाळा. पक्षी एका जागी घिरट्या घालत असतील तिथे नजर ठेवा. किनाऱ्याजवळ राहणारे आपले डॉल्फिन पाठीवर उंचवटा असलेले. ते उड्या क्वचितच मारतात. करडी पाठ संथपणे वर येते, वळते, बुडते. नदीचं मुख त्यांना आवडतं, तेव्हा पूर्णगडच्या तटावरूनही बघा.

ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री पुळणीवर अंडी घालतात आणि साधारण ४५ ते ५५ दिवसांनी पिल्लं निघतात. गावखडीच्या किनाऱ्यावरही ती येतात. वाळूत रांगत गेल्यासारखा रुंद माग दिसला तर त्यावरून चालू नका, खणू नका; गावातल्या कासवमित्राला सांगा. अंधारात पुळणीवर विजेऱ्या नकोत, प्रकाशामुळे पिल्लं वाट चुकतात. पिल्लं समुद्रात जाताना पाहायचीच असतील तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला वेगळी फेरी करा. नाना फडणवीसांचं हे गाव. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२पासून इथे कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. जखमी प्राणी दिसला तर महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा क्रमांक.

बिबट्या या भागात आहे. दिवसा दिसायची शक्यता नगण्य. अंधाराआधी वस्तीत असणं एवढीच काळजी.

फुरसं

याच्यासाठी वेगळा परिच्छेद हवा. रत्नागिरीचा कातळ फुरसं या विषारी सापासाठी पूर्वीपासून कुप्रसिद्ध आहे. हातभरसुद्धा नाही, मातकट रंगाचं, दगडाखाली किंवा गवताच्या मुळाशी बसलेलं. छेडलं तर वेटोळं करून अंगाचे खवले एकमेकांवर घासतं, करवतीसारखा खरखर आवाज येतो. तो आवाज आला की जागीच थांबा, कुठून येतोय ते बघा, मग मागे सरका. दगड उचलायचा नाही, बिळात-कपारीत हात घालायचा नाही, बसण्याआधी काठीने आपटून घ्यायचं, काढलेले बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत.

चावलंच तर: माणसाला बसवा, धीर द्या, अंगठी-कडं-घड्याळ काढा, चावलेला अवयव काठी-फडक्याने हलणार नाही असा बांधा. आवळपट्टी नको, ब्लेडने कापणं नको, चोखणं नको, मांत्रिक नको. सापाचा पाठलाग करून मारायचीही गरज नाही. १०८ला फोन करा आणि जवळच्या वाटेने डांबरी रस्त्यावर आणा. माणसाला चालवू नका, उचलून आणा. प्रतिविष सरकारी रुग्णालयात मिळतं. नकाशावर बाहेर पडायच्या वाटा आधी खूण करून ठेवायला सांगितल्या त्या प्रामुख्याने यासाठीच.

घरातल्या ज्येष्ठांसाठी

आई-वडील, आजी सोबत असतील तर त्यांना दिवसभर खोलीत बसवून ठेवू नका. सकाळी त्यांनीही कनकादित्याचं दर्शन घ्यावं, रिक्षाने आडिवऱ्याच्या महाकालीला जावं, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी बसावं आणि साडेचारला गावखडीच्या सुरूच्या बनात तुम्हाला भेटावं. शेवटचा पुळणीवरचा टप्पा त्यांना तुमच्याबरोबर चालता येतो. येताना चहाचा थर्मास आणि तुमचे कोरडे मोजे त्यांच्याकडे द्यायला विसरू नका.